उरच्या राणीचा मळवट

बाई, तुमची ती उरची राणी परवा वर्तमानपत्रात आली होती. रविवारच्या पुरवणीत, शेवग्याच्या पानांचे औषधी गुण आणि राशिभविष्य यांच्या मधोमध तिला जागा मिळाली होती. फोटो आपल्या ओळखीचाच. केसांवर सोन्याच्या पानांची झालर, कानांत होडीच्या आकाराची अवजड कर्णभूषणं, डोक्यामागे उभी केलेली मोठी फणी आणि फणीच्या दातांवर सोन्याची फुलं. खालचा मजकूर मात्र नवा होता. त्या दफनभूमीतल्या एका दासीची आणि एका शिपायाची कवटी म्हणे कुठल्याशा यंत्राखाली घालून पाहिली, आणि निघालं ते असं की राजाराणीबरोबर गेलेली ही माणसं विषाचा पेला पिऊन शांतपणे आडवी झाली नव्हती. त्यांच्या डोक्यात टोकदार हत्याराचे घाव होते. म्हणजे तुम्ही आम्हाला वर्गात सांगितलंत ते चूक. शिवाय तिचं नाव तुम्ही शुबाद सांगायचात, आता ते पुआबी असं वाचतात. एका राणीच्या बाबतीत दोन चुका. तुम्ही चुकलात हे तुम्हाला कळवण्याची संधी मी शाळेपासून शोधत होते, आणि मिळाली ती अशी, तुम्ही गेल्यावर माझा निम्मा जन्म उलटल्यानंतर. म्हणून लिहायला बसले.

साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत तुम्ही आम्हाला इतिहास शिकवत होता ती सत्तरच्या दशकातली पहिली वर्षं. पाठ्यपुस्तकात सुमेरला, म्हणजे इराकातल्या त्या उरच्या जुन्या मुलखाला, दीड पान होतं आणि तेही बाकीचे शिक्षक घाईने उलटत, कारण साताऱ्यात इतिहास सुरू होतो तो मराठी राज्यापासून. त्याआधी जगात काही घडलं असेल तर ते नुसतं तयारीपुरतं. तुम्ही त्या दीड पानावर अख्खा पावसाळा काढलात. पांढरं पातळ, मोकळं कपाळ, हात पाठीमागे, खिडकीशी उभ्या. उंची पाच फुटांच्या आतली, वय चाळिशीच्या आसपास, असं तुम्ही सांगायला लागायचात तेव्हा आम्हाला वाटायचं की कोपऱ्यावरच्या कुणा बाईबद्दलच चाललंय. लाकडी बाजेवर उताणी झोपवलेली. हातापाशी सोन्याचा पेला. डोक्याशी एक दासी, पायाशी एक दासी, बसल्या जागी कलंडलेल्या. बाहेरच्या खड्ड्यात दोन रांगांत बाकीच्या, नटूनथटून. गाडीला जुंपलेले बैल, तेही तिथेच. आणि एक वीणा वाजवणारी, जिच्या हातांची हाडं तारांच्या जागीच पडलेली सापडली. त्यावर आमच्यातल्या एकीने विचारलं होतं की बाई, ती शेवटपर्यंत वाजवत होती, तर मग तिने पेला कधी घेतला. तुम्ही तिच्याकडे इतका वेळ पाहत राहिलात की ती आपण होऊन खाली बसली. मग तुम्ही म्हणालात, हा प्रश्न खोदणाऱ्यांना सुचायला हवा होता. आता सुचला त्यांना, बाई. ती मुलगी सध्या इचलकरंजीला असते आणि तिला यातलं काही आठवत नाही.

तुमच्या मनात ही राणी इतकी का बसली, ते मला तुमच्या स्वयंपाकघरात कळलं. रविवारी सकाळी मी पेठेतल्या तुमच्या त्या दोन खोल्यांत यायची. वाचनालयातून आणलेलं ते जाड इंग्रजी पुस्तक मी मोठ्याने वाचायचं आणि तुम्ही माझे उच्चार दुरुस्त करायचे, असा करार होता. त्या दिवशी तुम्ही खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटत होता. मी विचारलं, बाई, हीच का, दुसऱ्या राण्या काय कमी आहेत? बत्ता थांबला नाही. दोन घावांच्या मधे तुम्ही एकेक वाक्य टाकत गेलात. तुमचं सासर रहिमतपूरकडचं. त्या गावांत बसरा, म्हणजे उरच्या बाजूचं इराकी बंदर, हा शब्द पोराटोरांना माहीत, कारण पहिल्या महायुद्धात बाप तिकडे गेले होते आणि दुसऱ्या महायुद्धात मुलगे. तुमचा माणूसही पलटणीबरोबर बसऱ्याला उतरला, तिथून वर कुठेतरी गेला, आणि मग तार आली. तुम्ही सोळा वर्षांच्या होता. जाळलं की पुरलं, कुठे ठेवलं, हे कुणी कळवलं नाही. तारेतल्या एका वाक्यावर तुमचं कपाळ पुसलं गेलं. सासरे जुने सुभेदार, त्यांनी तुम्हाला शिकवलं हे त्यांचे उपकार. "शिकल्यावर पहिल्यांदा काय केलं माहिताय? त्या मुलखात आणखी कोण कोण राहतं ते शोधून काढलं. ही सापडली." मी म्हणाले, म्हणजे त्यांना सोबत आहे. तुम्ही वर पाहिलंत. "सोबत? सवत म्हण. एवढं सोनं अंगावर, आणि शेजार माझ्या नवऱ्याचा." आणि हसलात. तुमच्या हसण्याला आवाज नसायचा, फक्त खांदे हलायचे.

गॅदरिंगचं आठवतं का, असं तुम्हालाच विचारणं आगाऊपणाचं आहे. पण तुमच्या बाजूने ते डोळे मिटून झालं आणि माझ्या बाजूने किलकिले ठेवून, तेव्हा माझी हकीकत तुम्ही ऐकून घ्यावी. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. प्रत्येक वर्गाने एक सजीव देखावा करायचा हा शाळेचा रिवाज. पडदा उघडला की मुली पुतळ्यासारख्या स्तब्ध, एकीने बाजूला उभं राहून माहिती वाचायची, पडदा बंद. बाकीच्या वर्गांनी राज्याभिषेक, आग्र्याहून सुटका आणि पुन्हा राज्याभिषेक असे विषय घेतले होते. आपण उरची कबर घेतली. राणीच्या मुकुटाची पानं कुठल्या थंड मुलखातल्या झाडाची होती ते झाड आपल्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून सोनेरी कागदाची पिंपळपानं कापली. वीणेच्या टोकाला बैलाचं मुंडकं हवं, ते बेंदराच्या सणाला पुजलेल्या मातीच्या बैलाचं काढून चिकटवलं. विषाचे पेले म्हणून घराघरांतून फुलपात्रं आणली, त्यांच्यावर आजोबा-पणजोबांची नावं ठोकलेली. मला डोक्याशी बसणारी दासी केलंत, कारण मला न हलता बसता येतं असा तुमचा एक गैरसमज होता. आणि ऐन दिवशी राणी होणाऱ्या मुलीला गालगुंड झालं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, रद्द करा. तुम्ही म्हणालात, राणी माझ्याच उंचीची होती. त्यांना ते उमजायला थोडा वेळ लागला. उमजल्यावर त्या खालच्या आवाजात म्हणाल्या की डोक्यावर सोनं, फुलं, तुम्हाला… लोक काय म्हणतील. "कागद आहे तो," तुम्ही म्हणालात, "आणि मी मेलेली आहे."

पडदा उघडतो. बाहेर सांज झाली आहे आणि दिव्याला निळा कागद लावलाय, त्यामुळे आमचे हात शाईत बुडवल्यासारखे दिसताहेत. समोर सतरंज्यांवर बायका, बहुतेक वसतिगृहातल्या मुलींच्या आया-आज्या, रहिमतपूर-कोरेगावच्या बाजूने सकाळच्या एसटीने आलेल्या, फौजेतल्या मनिऑर्डरींवर चाललेल्या घरांतल्या. वाचणारी मुलगी वाचते आहे: ही राणी, हा तिचा पेला, या तिच्या दासी. एवढ्यात पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठते. डोक्यावर पदर, पायात वहाण नाही. ती मंडपाच्या दाराकडे जाते. तिथे येणाऱ्या बायकांसाठी हळदीकुंकवाचं तबक ठेवलं आहे, ते उचलते, आणि स्टेजच्या पायऱ्या चढते. वाचणारी मुलगी थांबते. म्हातारी तुमच्यापाशी गुडघे टेकते आणि स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणते, "अहेव गेली गं बाय. लय पुण्याची."

तिला तरी काय म्हणायचं. सगळा साज चढवलेली बाई उताणी पडली आहे आणि उशापायथ्याशी बायका बसल्या आहेत, हे चित्र आपल्याकडे एकाच वेळी दिसतं. नवरा हयात असताना जी जाते ती अहेव. तिला नव्याने नटवतात, गावातल्या बाया येऊन तिचं कपाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत कुंकवाने भरतात, तोच मळवट. ओटी भरतात आणि पाया पडतात, असंच मरण आपल्यालाही यावं म्हणून. हा देखावा आहे हे म्हातारीला कळलं नव्हतं, असं मी कधीच मानलं नाही. कळलं होतं. पण समोर मरण मांडलेलं असताना टाळ्या वाजवायच्या की हात जोडायचे, तर हातांनी जन्मभराच्या सवयीचं तेच केलं. तिला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की सोनेरी कागदाखालची बाई विधवा आहे.

तिने तुमचं कपाळ भरलं. तिच्यामागून दुसरी आली, मग तिसरी, मग रांगच लागली. नारळ नव्हता म्हणून ओटीत तिळगूळ घातला. एकीने आपल्या अंबाड्यावरची वेणी काढून तुमच्या कागदी पानांवर ठेवली. पडदा ओढणाऱ्या शिपायाला मुख्याध्यापिका खुणा करत होत्या, आणि तो टोपी काढून हात जोडून उभा होता. तुम्ही मात्र, बाई. पोटाने सावकाश श्वास घ्यायला तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं, दुरून दिसू नये म्हणून. मी हातभर अंतरावर होते. तुमचं पोट हलत नव्हतं. कुंकू पापणीवर सांडलं, पापणी हलली नाही. तुमचा चेहरा तुमचा राहिला नव्हता. कोण्या सुखी बाईचा वाटत होता, आणि ती बाई माझ्या ओळखीची नव्हती. अखेर पडदा पडला. मुली उठल्या, हसल्या, मग एकेक करून गप्प झाल्या, कारण तुम्ही उठत नव्हता. मी खांद्याला हात लावला. गार होता. जानेवारी होता, असं मी नंतर स्वतःला समजावलं. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "इतक्यात उठवू नका."

तो मळवट घेऊन तुम्ही भर रस्त्याने घरी गेलात. दुसऱ्या दिवशी कपाळ पुन्हा मोकळं. पेठेत जे बोलायचं ते लोक बोलले. शाळेने तुमच्याकडे खुलासा मागितला, आणि तुम्ही एका ओळीत लिहून दिलात की देखावा अपेक्षेपेक्षा खरा उतरला. पण आपल्यात काहीतरी बदललं होतं. पुढच्या रविवारी तुम्ही पुस्तक उघडायलाच दिलं नाहीत. मला चहाचा कप दिलात, समोर बसलात, आणि म्हणालात की मी गेल्यावर मला तसंच पाठवायचं. मी म्हणाले, कसं? "माहीत नसल्यासारखं करू नकोस." मग तुम्ही मला राणीचा खटला समजावून सांगितलात, वकिलासारखा. राजाची कबर खाली, तिची वर. म्हणजे राजा आधी गेला. म्हणजे ती विधवाच. तरी तिला नटवताना कुणी विचारलं का, की हिचा नवरा आहे की गेला? तिच्या शिक्क्यावर तिचं नाव आहे, राणी म्हणून. नवऱ्याचं नाव त्यावर नाहीच. साडेचार हजार वर्षं मातीखाली राहून ती वर आली ती पूर्ण शृंगारात. "आणि मी? मला ज्या तारेने पुसलं, ती पाठवणाऱ्याने त्याला मेलेला पाहिला होता की नाही, तेही मला माहीत नाही. जिवंतपणी मी भांडले नाही. सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहून राहिले. पण जाताना मला कपाळ पाहिजे." मी मान हलवली. तुम्ही एकदम संतापलात. तशा संतापलेल्या तुम्हाला मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "मान हलवायची नाही. त्या खड्ड्यातल्या पोरींनीसुद्धा मानच हलवली असेल. तोंडाने बोल." मी तोंडाने हो म्हणाले. कप विसळून ठेवला आणि घरी गेले, आणि त्या दिवसापासून मला तुमची थोडी भीती वाटायला लागली. हे तुम्हाला कळलं होतं. तुम्हाला ते आवडलंही असावं.

मी संस्कृत घेतलं तेही तुमच्या सांगण्यावरून. तुम्हाला स्वतःला संस्कृतचं अक्षर येत नव्हतं. मंत्र म्हणजे तुम्हाला लांबून ऐकू येणारी मोटार, नुसती घरघर. "घे संस्कृत," म्हणालात, "मेल्यावर लागतं." मी सांगलीला कॉलेजात गेले, वसतिगृहात राहू लागले, रूपं आणि वृत्तं पाठ करू लागले. शेवटच्या वर्षाला होते तेव्हा एका सकाळी तुमच्या शेजाऱ्यांचा ट्रंककॉल आला. रात्रीत हृदय थांबलं होतं. सातारा स्टँडवर उतरले आणि पहिल्यांदा कुंकवाची पुडी घेतली. दुकानदाराने विचारलं, लग्नाचं का? मी हो म्हणाले.

तुम्हाला भिंतीकडेला खाली निजवलं होतं. पाणी तापत होतं. तुमची नणंद रहिमतपूरहून येऊन पोचली होती, त्यांना सगळे आत्याबाई म्हणत. शेजारच्या दोघी होत्या. दाराबाहेर भटजी पाठ करून थांबलेले. पांढरं लुगडं घडी करून ठेवलेलं. मी पुडी काढली तशी आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, "आगं पोरी, ते माज्या भावाचं कुक्कू हुतं. त्यो गेला, कुक्कू गेलं. आता लावायचं म्हंजी त्यो गेलाच न्हाई म्हनायचं का? मग मी येवडी वर्सं रडले ती कुनासाठी?" मी बसऱ्यापासून उरपर्यंत सगळ्या उत्तरांची तयारी करून आले होते. पण त्यांच्याकडून हा खराच प्रश्न होता. मी एवढंच म्हणाले की बाईंनी मला सांगून ठेवलंय. शेजारच्या एकीने तोंडाला पदर लावला. आत्याबाईंनी तुमच्याकडे पाहिलं. मग मनगट न सोडता म्हणाल्या, "तू सौंस्कृत शिकल्याली हाईस न्हवं? शास्त्रात असं हाय का? असंल तर सांग. न्हाईतर ती पुडी बांद."

शास्त्रात असं नाही, बाई. मला माहीत होतं की नाही. आणि माझं तोंड उघडलं. *यस्याः शिष्याश्च जीवन्ति विधवा नैव सा स्मृता।* जिचे शिष्य जिवंत आहेत तिला विधवा म्हणत नाहीत. उभ्या उभ्या रचली मी ती ओळ. मधला 'च' नुसता अक्षर भरायला टाकलेला आहे, परीक्षेत त्याला गुण कापले असते. अर्थ सांगितला. पण आत्याबाईंचे कान जन्मभर कीर्तनं ऐकलेले. त्या म्हणाल्या, "येवडंच? म्होरलं?" श्लोकाला दुसरी ओळ लागते. माझ्याकडे दुसरी ओळ नव्हती. एक अक्षर नव्हतं. पाण्याच्या भांड्यावरचं झाकण वाजत होतं, आणि मी तुमच्या मोकळ्या कपाळाकडे बघत होते, आणि दुसरी ओळ म्हटली गेली. हे कर्मणी प्रयोगात लिहिते आहे ते शैलीसाठी नव्हे. संथ, स्वच्छ, शेवटचं अक्षर जरा लांबवून, त्याच खोलीत. मला छंद बरोबर असल्याचं कळलं. अर्थ कळला आणि अंगावर काटा आला, कारण तो पहिल्या ओळीच्या पुढचा होता. मी जिथे थांबले त्याच्या खूप पुढचा. आणि पुढचा श्वास घेईपर्यंत शब्द गेलेले होते.

आत्याबाईंनी दाराकडे तोंड करून विचारलं, "खरं हाय का वो, भटजी?" बाहेरून थोड्या वेळाने आवाज आला, "श्लोक पुरा आहे." आत्याबाईंनी माझं मनगट सोडलं आणि पुडी माझ्या हातातून घेतली. म्हणाल्या, "तुज्या हातानं नगं. माज्या हातानं." तुम्हाला अंघोळ घातली. पांढरं लुगडं बाजूला सारून शेजारणीने स्वतःच्या ट्रंकेतलं हिरवं पातळ आणलं. आणि आत्याबाईंनी तुमचा मळवट भरला, कानशिलापासून कानशिलापर्यंत, आणि वाकून तुमच्या कानात बोलल्या. बाकीच्यांनी ऐकलं नसेल, मी जवळ होते. "वैनी, दादा भेटला तर म्हनावं, मीच लावलं." तुमचा चेहरा पुन्हा तसा झाला होता, त्या निळ्या उजेडातल्यासारखा. ओळखीचा नसलेला. या खेपेला मी खांद्याला हात लावला नाही.

माहुलीच्या घाटावर सगळं आटोपल्यावर मी भटजींना गाठलं. वयस्कर होते, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी म्हणाले, तुम्ही दुसरी ओळ दिलीत, फार उपकार झाले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मी कशाला देऊ? पहिली ओळ कुठल्याही स्मृतीत नाही हे मला ऐकतानाच कळलं होतं. मला वाटलं, पोरगी हुशार आहे, दुसरीही रचली." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही नाही?" त्यांनी पंचा खांद्यावर टाकला आणि जाताना सांगितलं की ती ओळ त्यांनाही आता आठवत नाही, आणि त्यांची स्मरणशक्ती चांगली आहे. तेराव्याला मी आत्याबाईंना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. "तूच म्हनालीस की. तुजं त्वांड हाललं, मी समूरच हुते." मी म्हणाले, आवाज? त्यांनी सुपातून मान वर केली नाही. "आवाजाचं मला इचारू नगं."

त्यानंतर मी सांगलीतच राहिले. संस्कृत शिकवते. मुली माझी टिंगल करतात, मी त्यांची करते, बरं चाललंय. त्या ओळीसाठी मी किती कागद काळे केले असतील. व्याकरणात बसतात, वृत्तात बसतात, आणि पहिल्या ओळीशेजारी ठेवल्या की उपऱ्या दिसतात. पहिली ओळ मात्र माझ्या हाताबाहेर गेली आहे. गेल्या वर्षी कवठे महांकाळला आमच्या एका शिक्षिकेची आई गेली. ती बालवाडी चालवायची, तरुणपणीच विधवा झालेली. मुलीने मळवटाचा हट्ट धरला, घरात वाद झाला, आणि तिथल्या गुरुजींनी हात वर करून गंभीरपणे सांगितलं की शास्त्राधार आहे. आणि माझी ओळ म्हटली, 'च'सकट. ती तिथवर कोणत्या तोंडांमधून गेली, देव जाणे. मी जिथे उभी होते तिथेच खिळले, कारण आता ते दुसरी ओळ म्हणणार होते. म्हणाले. कुणीतरी डकवलेली होती, एक अक्षर कमी. त्या दिवशीची ती नव्हती. पण त्या बाईला कपाळ मिळालं. बायका रांगेने पाया पडल्या, आणि कुणाला विचारावंसंही वाटलं नाही की ही ओळ पहिल्यांदा कुणासाठी म्हटली गेली.

राणीचं तसंच झालंय, बाई. मातीच्या भाराने तिची कवटी चेपली होती, म्हणून तो सगळा साज पहिल्यांदा उभा केला तेव्हा खाली मेणाचा चेहरा बसवला, दुसऱ्याच कुणा बाईच्या कवटीवरून घडवलेला. जग त्या चेहऱ्याला राणी म्हणून ओळखायला लागलं. नाव होतं तेही बरीच वर्षं चुकीचं वाचलं. तिच्या प्रसिद्धीत तिचं स्वतःचं म्हणावं असं सोनंच तेवढं राहिलं. तुमच्या बाबतीत सोनंही नव्हतं, पुडीतलं कुंकू होतं, ते नदीत गेलं. तुमचं नाव कवठे महांकाळात कुणाला माहीत नाही. तरी तिथे जे झालं ते तुमचं होतं. आणि आता कवट्यांमधले ते घाव वाचल्यावर मला कळलं की तुम्ही मान हलवणाऱ्या मुलीवर इतक्या का संतापलात. मला तुमच्यामागे यायला लावणं तुम्हाला सहज जमलं असतं, मी आले असते. तुम्ही मला सांगलीला पाठवलंत.

हे पत्र मी पाठवणार नाही. कुणी विचारलं तर सांगेन की पत्ता नाही, आणि ते त्यांना पटेल. खरं कारण तुमच्यापुरतं लिहिते. ती दुसरी ओळ मला हवी आहे, आणि ती मागायला मी भिते. सांगलीहून तुम्हाला पत्र टाकलं आणि उलट टपाली उत्तर आलं नाही, असं एकदाही झालं नव्हतं.